लेव्होडोपा आणि कंपवातातील हालचाली

कंपवात म्हणजेच पार्किन्सन्स या आजारात मध्यमेंदूतील डोपामिन बनवणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होतात. त्यामुळे हालचाल मंदावते, स्नायू ताठरतात आणि अनेकांचे हात स्वस्थ बसले असतानाही थरथरतात. बाहेरून दिलेले डोपामिन रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही. त्याचे पूर्वरूप असलेले लेव्होडोपा मात्र शिरते व तिथे त्याचे डोपामिन होते. हे रूपांतर वाटेतच होऊन औषध वाया जाऊ नये, मळमळही कमी व्हावी, म्हणून गोळीत कार्बिडोपा किंवा बेन्सेराझाइड असते. १९६१ मध्ये व्हिएन्नात बिर्कमायर आणि हॉर्निकीविच या संशोधकांनी लेव्होडोपा शिरेतून देऊन पाहिले. १९६७ मध्ये कोट्झियास या संशोधकाने तोंडाने मोठी मात्रा हळूहळू वाढवत दिली आणि औषध खऱ्या अर्थाने उपयोगी ठरले.

मंदपणा आणि ताठरपणा यांवर गुण सर्वांत चांगला येतो. थरथर कोणाची जवळजवळ थांबते, तर कोणाची हट्टाने टिकून राहते. तोल जाणे, गिळण्याचा त्रास यांवर परिणाम बेताचाच.

सुरुवातीला दिवसातून तीन गोळ्यांवर दिवस एकसारखा जातो. लेव्होडोपा रक्तात टिकते जेमतेम दीड तासाच्या अर्धायुष्याने, म्हणजे दर दीड तासाला त्याचे प्रमाण निम्मे होते, पण उरलेल्या पेशी डोपामिन साठवून ते बेताबेताने सोडतात. पेशी घटल्या की ही शिल्लकही संपते आणि शरीर घड्याळाच्या ताब्यात जाते. गोळी लागू असेपर्यंतच्या काळाला ‘ऑन’ आणि तिचा असर ओसरल्यावरच्या काळाला ‘ऑफ’ म्हणतात. तासाभरापूर्वी सहज चालणाऱ्या माणसाला खुर्चीतून उठता येत नाही. सोबतच्यांना हे ढोंग वाटते, पण ते ढोंग नव्हे. पहाटे, रात्रीच्या गोळीचा असर संपल्यावर, पायाची बोटे वाकडी होऊन दुखतात तेही बहुधा याच कारणाने.

दुसऱ्या टोकाला डिस्किनेशिया आहे: मान, खांदे, हातपाय आपोआप वळवळतात, डुलतात. ही आजाराची थरथर नव्हे. बहुतेकदा ती औषधाची रक्तातील पातळी शिखरावर असताना दिसते. दोन्हींतला फरक न ओळखता ‘कंप वाढला’ म्हणून मात्रा वाढवली, तर वळवळ आणखी वाढते. पुष्कळ रुग्ण मात्र ‘ऑफ’मध्ये अडकून पडण्यापेक्षा थोडी वळवळ पत्करतात.

जेवणाचाही संबंध आहे. प्रथिनांतील अमिनो आम्ले लेव्होडोपाच्याच वाहकाने आतड्यातून आणि पुढे मेंदूत जातात, त्यामुळे प्रथिनयुक्त जेवणासोबत घेतलेली गोळी उशिरा किंवा अपुरी लागू पडते. जठर मंद रिकामे होत असेल, तरी तेच.

उपाय म्हणून मात्रा लहान करून वेळा वाढवतात, लेव्होडोपा किंवा डोपामिनचे विघटन रोखणारे एन्टाकॅपोन किंवा रासाजिलीन हे औषध जोडतात, वळवळीसाठी अमँटाडिन हे औषध देतात. निवडक रुग्णांत मेंदूत विजेचे सौम्य स्पंद देणारे इलेक्ट्रोड बसवतात. उलट्यांवरचे मेटोक्लोप्रमाइड डोपामिनचाच मार्ग अडवते, म्हणून ते टाळतात. लेव्होडोपा अचानक बंद केल्यास तीव्र ताठरपणा आणि ताप येऊन जीवाला धोका होऊ शकतो.