निओ-६एम जीपीएस मॉड्यूल अर्डुइनोसोबत वापरताना : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या दुकानातून निओ-६एम हे उपग्रहांच्या संदेशांवरून आपली जागा शोधणारे मॉड्यूल नेलेले काही ग्राहक दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते परत घेऊन येतात आणि ते चालतच नाही असे सांगतात. तेच मॉड्यूल आम्ही दुकानासमोरच्या मोकळ्या अंगणात ठेवले की बहुतेक वेळा काही मिनिटांत त्याचा दिवा लुकलुकू लागतो. अशा वेळी मॉड्यूलमध्ये दोष नसतो; त्याला पुरेसे आकाश आणि पुरेसा वेळ मिळालेला नसतो, किंवा त्याने पाठवलेला मजकूर चुकीच्या रीतीने वाचला गेलेला असतो. गावाहून तालुक्याला येण्याजाण्यात ग्राहकाचा एक दिवस मोडतो, आणि विज्ञान प्रदर्शनाची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्याचा तर उत्साहच मावळतो, हे पाहून आम्ही हे पत्रक प्रत्येक मॉड्यूलसोबत देत आहोत. जोडणी करण्यापूर्वी ते एकदा पूर्ण वाचावे, ही विनंती.

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोवती फिरतात. प्रत्येक उपग्रह आपली वेळ आणि आपली जागा सांगणारा संदेश सतत पाठवत असतो, आणि तो आपल्यापर्यंत पोहोचायला सेकंदाचा सुमारे पंधरावा भाग लागतो. संदेश किती उशिरा पोहोचला यावरून मॉड्यूल त्या उपग्रहापासूनचे अंतर काढते. तीन दिशांतील आपली जागा आणि मॉड्यूलच्या स्वतःच्या घड्याळाची चूक अशा चार अज्ञात गोष्टी एकाच वेळी सोडवायच्या असल्यामुळे किमान चार उपग्रह दिसणे आवश्यक असते. हा संदेश जमिनीवर येईपर्यंत अत्यंत क्षीण झालेला असतो. टिनाच्या छपराखाली तो पोहोचत नाही, स्लॅबच्या घरात बहुधा पोहोचत नाही, आणि कवेलूच्या घरात कधी लागतो तर कधी लागत नाही. दाट संत्राबागेत, विशेषतः पाने ओली असताना, तो आणखी दुबळा होतो. पावसाळी ढगांची मात्र काळजी करू नये. या लहरींना ढगांचा अडथळा होत नाही.

पहिल्या वेळी मॉड्यूल उघड्यावर ठेवून किमान पंधरा मिनिटे थांबावे. कारखान्याच्या माहितीत २७ सेकंदांचा आकडा दिलेला असतो, पण तो चांगल्या संकेताच्या स्थितीतला आहे. प्रत्येक उपग्रह आपल्या कक्षेचा तपशील सेकंदाला अवघ्या ५० बिटांच्या वेगाने पाठवतो आणि दर ३० सेकंदांनी त्याची पुनरावृत्ती करतो. मध्येच कोणी मॉड्यूलवरून हात फिरवला किंवा ते उचलून पाहिले, तर तुटलेल्या भागासाठी पुढच्या फेरीची वाट पाहावी लागते. मॉड्यूलवर एक लहानशी बॅटरी असते व ती ही माहिती काही काळ जपून ठेवते, त्यामुळे थोड्या वेळाने पुन्हा सुरू केल्यास जागा काही सेकंदांत मिळू शकते. नवीन मॉड्यूलची ही बॅटरी मात्र बहुधा उतरलेली असते. चौकोनी चिनीमातीचा अँटेना आकाशाकडे तोंड करून सपाट ठेवावा. तो उलटा ठेवणे ही आम्हाला वारंवार आढळणारी चूक आहे.

जोडणीत चार तारा येतात. व्हीसीसीची (वीजपुरवठ्याची) तार अर्डुइनो उनो या प्रोग्रॅम चढवता येणाऱ्या छोट्या बोर्डाच्या ५ व्होल्टच्या पिनला जोडावी. ३.३ व्होल्टच्या पिनमधून फार तर ५० मिलिअँपिअर मिळतात आणि उपग्रह शोधताना मॉड्यूल जवळजवळ तेवढेच घेते, म्हणून ती पिन टाळलेली बरी. आम्ही विकतो त्या बोर्डावर व्होल्टेज उतरवणारा भाग बसवलेलाच आहे. जीएनडीची (ग्राउंडची) तार जीएनडीला आणि मॉड्यूलच्या टीएक्सची (मजकूर पाठवणारी) तार ४ क्रमांकाच्या पिनला जोडावी. पिन ० आणि १ यूएसबीसाठीही वापरल्या जात असल्यामुळे तेथे मॉड्यूल जोडल्यास प्रोग्रॅम चढवताना अडचण येते. मॉड्यूलच्या आरएक्सकडे (मजकूर घेणाऱ्या पिनकडे) उनोच्या पिनचे ५ व्होल्ट थेट देऊ नयेत. मध्ये १ किलोओहमचा आणि जीएनडीकडे २ किलोओहमचा रोधक लावला की तेथे ३.३ व्होल्ट येतात. नुसती जागा वाचायची असेल तर ही चौथी तार लागतच नाही, आणि सुरुवातीला ती न जोडणेच उत्तम.

प्रोग्रॅममध्ये सॉफ्टवेअर सीरियलचा, म्हणजे ४ क्रमांकाच्या पिनवरून मजकूर वाचणाऱ्या भागाचा, वेग सेकंदाला ९६०० बिट ठेवावा. पडद्यावर अर्थहीन चिन्हे आली तर वेग चुकला आहे, आणि काहीच आले नाही तर बहुधा टीएक्स व आरएक्सची अदलाबदल झाली आहे, असे समजावे. टायनीजीपीएसप्लस ही लायब्ररी (मॉड्यूलचा मजकूर उलगडून देणारा तयार प्रोग्रॅम) वापरणाऱ्यांनी एक गोष्ट कटाक्षाने पाळावी : मुख्य लूपमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या पुन्हा पुन्हा चालणाऱ्या भागात, एका सेकंदाचा डिले (थांबा) टाकू नये. सॉफ्टवेअर सीरियलच्या साठ्यात केवळ ६४ अक्षरे मावतात आणि ९६०० वेगाने तो सेकंदाच्या पंधराव्या भागातच भरू शकतो. त्यानंतर आलेली अक्षरे वाया जातात, वाक्ये तुटतात आणि लायब्ररी ती नाकारते. दिवा लुकलुकत असूनही जागा दिसत नसेल, तर सर्वप्रथम हा डिले शोधावा.

मॉड्यूल दर सेकंदाला मजकुराच्या ओळी पाठवते. जीपीआरएमसी या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीत वेळेनंतर इंग्रजी ए हे अक्षर असेल तर जागा सापडली आहे आणि व्ही असेल तर सापडलेली नाही. लायब्ररीशिवाय ही ओळ स्वतः वाचणाऱ्यांची मोठी फसगत अक्षांशाच्या लेखनात होते. वर्धा शहरात अक्षांश २०४४.७२०० असा येतो. त्याचा अर्थ २० अंश आणि ४४.७२ मिनिटे असा आहे. मिनिटांना ६० ने भागून अंशांत मिळवले की २०.७४५३ मिळतात. रेखांश ०७८३६.१२०० चे त्याच रीतीने ७८.६०२० होतात. नुसताच दशांशचिन्ह सरकवून २०.४४७२ आणि ७८.३६१२ असे लिहिले, तर नकाशावरची खूण चाळीस किलोमीटरांहून अधिक नैर्ऋत्येला, यवतमाळ जिल्ह्यातील कळंबच्या बाजूला जाऊन पडते.

वेळ जागतिक प्रमाणवेळेनुसार येते; तिच्यात ५ तास ३० मिनिटे मिळवावीत, आणि तारीखही सोबत बदलावी. रात्रीच्या विजेवर ओलित करणारे शेतकरी पहाटे चार वाजता पंप सुरू झाल्याची नोंद घेतात, तेव्हा मॉड्यूलची तारीख आदल्या दिवसाचीच असते.

आता अचूकतेविषयी, कारण याबाबतीत गैरसमज झाल्यास नुकसान केवळ पैशांचे होत नाही. मोकळ्या आकाशाखाली या मॉड्यूलची अचूकता २.५ मीटर सांगितली जाते, म्हणजे निम्मी वाचने तेवढ्या अंतरात पडतात आणि उरलेली निम्मी त्याबाहेर. पऱ्हाटीत बोंडअळीसाठी लावलेले कामगंध सापळे (गंधाने नर पतंग ओढून घेणारे) हेक्टरी पाच असतील, तर दोन सापळ्यांत साधारण ४५ मीटर अंतर राहते; कोणत्या सापळ्यात किती पतंग सापडले याची जागेसह नोंद ठेवायला हे मॉड्यूल पुरेसे आहे. मातीचे नमुने कुठून घेतले, वावरातली पाइपलाइन कुठून जाते, ट्रॅक्टर कोणत्या शेतात आहे, यांसाठीही ते उपयोगी पडते. धुऱ्याचा (शेताच्या बांधाचा) प्रश्न मात्र याने सोडवू नये. शंभर मीटर लांबीच्या धुऱ्यावर २.५ मीटरची चूक म्हणजे २५० चौरस मीटर, अर्थात जवळजवळ अडीच गुंठे जमीन होते. शेजाऱ्याशी हद्दीवरून मतभेद असतील तर भूमी अभिलेख कार्यालयाकडे मोजणीसाठी रीतसर अर्ज करावा; आमच्याकडील मॉड्यूलचे आकडे कृपया त्या वादात पुढे करू नयेत.

एका जागी ठेवलेल्या मॉड्यूलचे आकडेही थोडे हलत राहतात. त्यामुळे प्रत्येक वाचनातील अंतर जोडत गेल्यास रात्रभर उभा असलेला ट्रॅक्टरही बराच फिरला असे दिसते. वेग फारच कमी असेल तेव्हाचे अंतर धरू नये.

ट्रॅक्टरवर बसवताना डबा प्लास्टिकचा असावा, लोखंडी नसावा, आणि तो बॉनेटवर किंवा थेट उन्हात न ठेवता टपाच्या सावलीत, पण अँटेनाला आकाश दिसेल असा बसवावा. टप पत्र्याचा असल्यास अँटेना त्याच्या वर न्यावा लागेल. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि बंद डब्यातले तापमान त्याहून बरेच चढते. मॉड्यूल ते सोसते, पण स्वस्त बॅटऱ्या फुगतात.

भारताची स्वतःची नाविक (NavIC) ही जीपीएससारखी उपग्रह प्रणाली यावर चालते का, असेही ग्राहक विचारतात. निओ-६एम केवळ अमेरिकेची जीपीएस प्रणाली वाचते; नाविकसाठी वेगळे मॉड्यूल लागते.

इतके करूनही जागा मिळाली नाही, तर मॉड्यूल अवश्य घेऊन यावे. येताना अर्डुइनो आणि तारा सोबत आणाव्यात, आणि शक्य असल्यास सीरियल मॉनिटरवर (संगणकावर मॉड्यूलचा मजकूर दाखवणाऱ्या खिडकीत) आलेल्या आठ-दहा ओळी जशाच्या तशा कागदावर उतरवून किंवा त्यांचा फोटो काढून आणावा. त्या ओळी पाहिल्यावर दोष तारेत आहे, प्रोग्रॅममध्ये आहे की मॉड्यूलमध्ये, हे आम्हाला बहुधा तेथल्या तेथे सांगता येते.