प्रवासात जड पाणी लागलं तर केस कसे धुवावेत
(आमच्याकडची शिकेकाई, रिठा आणि खोबरेल तेल नेणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी)

“दादा, पावडर बदलली का? घरी बरी चालते, तुळजापूरला लॉजवर डोकं धुतलं तर केस नुसते चिकट.” नवरात्र झालं, लग्नसराई झाली की ही तक्रार दुकानात येतेच. लातूरला नीटच्या क्लाससाठी होस्टेलवर राहायला आलेल्या मुलीही हेच सांगतात. पुडी बहुतेक वेळा तीच असते, फरक असतो तो पाण्याचा. म्हणून हा कागद पुडीसोबत देतो आहोत. जाताना पिशवीत टाका.

पाणी जड का होतं

मराठवाड्याच्या बहुतेक भागात जमिनीखाली काळा पाषाण आहे आणि वरच्या काळ्या मातीत जागोजाग चुनखडीचे खडे. पावसाचं पाणी यातून मुरत खाली जातं तेव्हा कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार सोबत घेतं. बोअरचं पाणी म्हणूनच सहसा जड असतं. जायकवाडी किंवा मांजरा धरणातून येणारं नळाचं पाणी त्यामानाने हलकं. पण नळ आठवड्याने येत असेल तर लॉजवाला टाकी बोअरनेच भरणार, त्याचाही इलाज नाही.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणा (म्हणजे जडपणा) लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत चांगला धरतात आणि दुसरी सोय नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. मीटर बुडवून दाखवतात तो टीडीएसचा, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या सगळ्या क्षारांचा, आकडा मात्र वेगळा. त्यात साधं मीठही मोजलं जातं, त्यामुळे नुसत्या टीडीएसवरून पाणी केसांना जड की हलकं ते ठरत नाही.

जिथे तुरीची डाळ लवकर शिजत नाही आणि हीटरच्या रॉडवर पांढरी खपली धरते, तिथलं पाणी जड समजा. लॉजवर याहून सोपं म्हणजे पाण्याची रिकामी बाटली अर्धी भरायची, अंगाच्या साबणाचा नखाएवढा तुकडा त्यात टाकायचा आणि जोरात हलवायची. भरपूर फेस आला आणि खालचं पाणी स्वच्छ राहिलं तर काळजी नको. फेस बसला, पाणी गढुळलं आणि नासलेल्या दुधासारखे कण तरंगू लागले तर पाणी जड आहे. कपड्याची पावडर टाकून बघू नका. ती जड पाण्यातही बऱ्यापैकी फेसाळते आणि आपण फसतो.

केसांवर काय बसतं

बाटलीत दिसले तेच कण साबणाने डोकं धुतल्यावर केसांवर बसतात. साबण आणि कॅल्शियम मिळून पाण्यात न विरघळणारा साका तयार होतो. कितीही पाणी ओता, तो जात नाही. मग आपण पुन्हा साबण लावतो आणि साका आणखी वाढतो. वडीने डोकं धुवायची सवय असेल तर निदान जड पाण्याच्या गावी ती वडी अंगापुरती ठेवा.

शाम्पू असा साका धरत नाही, पण फेस कमी देतो आणि पाण्यातले क्षार थोडेथोडे केसांवर राहतातच. कलर केलेल्या किंवा स्ट्रेटनिंग केलेल्या केसांवर ते जास्त धरतात. शिकेकाई आणि रिठ्याचा फेस मुळातच बेताचा असतो. तो जड पाण्यात साबणासारखा फाटत नाही, पण शिकेकाईमुळे पाणी हलकं होतं असं मात्र नाही. तसं सांगून कोणी पुडी विकत असेल तर घेऊ नका, आमचीसुद्धा.

शेवटचं पाणी चांगलं घ्या

सगळं डोकं चांगल्या पाण्याने धुणं प्रवासात जमत नाही, आणि त्याची गरजही नाही. केस भिजवायला, मळ काढायला टाकीचं पाणी चालतं. केस वाळताना त्यांच्यावर जे पाणी असतं त्यातलेच क्षार मागे राहतात. म्हणून शेवटचे दोन तांबे तेवढे आरओच्या, म्हणजे मशीनमधून क्षार काढलेल्या, पाण्याचे घ्या. लांब केसांना तीन लागतील. कडेला बसून, केस पुढे घेऊन, मुळापासून टोकापर्यंत सावकाश ओता. एकदम भसकन ओतलं तर निम्मं पाणी फरशीवरच जातं.

जारवाल्याला एकदा विचारून घ्या. जार म्हणजे आरओ असं नसतं, कुठे कुठे नुसतं बोअरचं पाणी थंड करून देतात. बाटलीत साबण हलवला की लगेच कळतं.

आरओचं पाणी मिळालंच नाही तर पाणी उकळा. दहा मिनिटं खळखळू द्या, निवू द्या, तळाशी बसलेला पांढरा गाळ न हलवता वरचं पाणी काढून घ्या. याने कठीणपणाचा काही भाग जातो, सगळा नाही. तुरटी फिरवल्याने पाणी नितळ होतं, हलकं होत नाही. धुण्याचा सोडा किंवा खायचा सोडा तर डोक्याला लावूच नका, केस आणखी राठ होतात. नळाला लावायचे छोटे शॉवर फिल्टर मुख्यतः क्लोरीन आणि गाळासाठी असतात, क्षारांवर त्यांचा फारसा उपयोग नाही.

राठपणा बसलाच असेल तर एक लिटर पाण्यात अर्ध्या लिंबाचा गाळलेला रस किंवा एक मोठा चमचा व्हिनेगर घालून ते केसांवर ओता, दोन मिनिटं थांबा आणि चांगल्या पाण्याने धुऊन टाका. हे आठवड्यातून एकदा पुरे. डोक्याला जखम किंवा पुरळ असेल तर करू नका, चरचरेल. आणि लिंबू लावून उन्हात बसू नका. कातडीवर रस राहिला आणि ऊन लागलं की काळे डाग पडतात, फोडही येतात. आपल्याकडचं ऊन काही कमी नाही.

शाम्पू वापरणाऱ्यांनी बाटलीमागची बारीक अक्षरं वाचावीत. ईडीटीए, सोडियम ग्लुकोनेट किंवा सायट्रिक ॲसिड लिहिलेलं असेल तर ते क्षारांना धरून ठेवायला मदत करतं. असा शाम्पू आम्ही विकत नाही, पण जड पाण्याला तो उपयोगी आहे.

आमची पावडर प्रवासात कशी वापराल

पावडर थेट डोक्यावर टाकू नका. जड पाण्यात ती केसांत अडकून बसते आणि विंचरताना भुसा निघतो. रात्री दोन मोठे चमचे पावडर दोन पेले आरओच्या पाण्यात भिजत घाला. सकाळी एक उकळी द्या, कोमट झालं की जुन्या सुती ओढणीच्या तुकड्यातून गाळा. ते पाणी मुळांना चोळा. डोळे घट्ट मिटा, फार झोंबतं. काढा उरला तर टाकून द्या. एप्रिल-मे मध्ये तो संध्याकाळपर्यंतच आंबतो, त्यामुळे घरून बाटलीत भरून नेऊ नका.

धुण्याच्या आदल्या रात्री केसांच्या टोकांना थोडं खोबरेल तेल लावा. ते केसाच्या आत शिरतं आणि केस पाण्याने फुगून कमकुवत होणं थोडं कमी होतं. थोडंच लावा, डोकं चोपडू नका. जड पाण्यात जादा तेल निघत नाही, मग साबणाचा मोह होतो.

एसटीत खिडकीशी बसणार असाल तर वेणी घालून स्कार्फ बांधा. पैठणहून पंढरपूरला पायी निघणाऱ्या मावश्यांना आम्ही हेच सांगतो. टँकरच्या पाण्याने रोज डोक्यावरून आंघोळ करण्यापेक्षा तीन-चार दिवसांनी एकदा नीट न्हालेलं बरं.

केस गळतात की तुटतात

फणीत आलेला केस उजेडात धरून बघा. एका टोकाला बारीक पांढरी गाठ असेल तर तो मुळातून आलाय. गाठ नसेल तर मधूनच तुटलाय. जड पाण्याने राठ झालेले केस तुटतात, त्यासाठी वरचे उपाय. मुळातून मूठ-मूठ केस येत असतील तर पाण्याला दोष देत बसू नका. टायफॉइड, डेंग्यू किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी असं होतं. त्यासाठी, तसंच गोल चाई पडली किंवा डोक्यावर खपल्या धरल्या तर त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे जा. आमच्याकडे त्याची पुडी नाही.

उघडलेली पावडर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, बाथरूममध्ये नको. ओल लागून गोळे झाले किंवा जाळी धरली तर ती वापरू नका. उरलेली पुडी दुकानात आणा, बदलून देऊ.