आरसी बुक एक सांगतं, काटा दुसरंच: जुन्या मोटारीच्या वजनामागची गोष्ट

"काका, गाडी भरल्याली का मोकळी?"

काट्याच्या खिडकीतून हा प्रश्न आला तेव्हा प्लेटवर आमच्या काकांची १९७५ सालची पद्मिनी उभी होती. पुढं नुकतीच उतरलेली उसाची डबल ट्रॉली, मागं हळदीच्या पोत्यांचा टेम्पो. गळीत हंगामात सांगली-मिरज पट्ट्यातल्या कुठल्याही काट्यावर रांग असतेच, आणि त्या रांगेत एक मोटार शिरलेली बघून सगळेच ड्रायव्हर खाली उतरून बघायला आले होते. काका म्हणाले, "मोकळीच की." पावती छापून आली: ९५० किलो.

आता अडचण अशी, की आरसी बुकात 'खाली वजन', म्हणजे मोकळ्या गाडीचं वजन, ८६० किलो लिहिलेलं आहे. आणि पद्मिनीचं म्हणून सगळीकडं जो आकडा छापला जातो तो ८९५ किलो. गाडी एक, आकडे तीन. काका पन्नास वर्षांच्या या गाडीला पुण्याच्या एका रॅलीला पाठवणार होते. गाडी वाहून नेणाऱ्यानं फोनवर एवढंच विचारलं होतं, "वजन किती?" या साध्या प्रश्नाला साधं उत्तर का नाही, ते समजायला जरा मागं जावं लागतं. मोटारीच्याही मागं, बैलगाडी-घोडागाडीपर्यंत.

गाडी वजन करायची गरज पहिल्यांदा पडली ती रस्त्यापायी. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये टोलनाक्यांचे रस्ते झाले, आणि जड गाड्यांनी त्यांची चाळण केली. जास्त वजनाला जास्त टोल लावायचा असं ठरलं, पण भरलेली घोडागाडी तोलायची कशी? सुरुवातीला साखळ्या लावून अख्खी गाडी वर उचलायचे आणि लांब दांडीच्या तराजूनं वजन करायचे. बर्मिंगहॅमच्या जॉन वायट यानं १७४० च्या दशकात यावर तोडगा काढला. जमिनीसपाट फळ्यांचा चौथरा, त्याखाली एकमेकींवर भार देणाऱ्या तरफा, आणि शेवटच्या तरफेला जोडलेलं छोटं वजन. त्यातली खरी हुशारी अशी, की गाडी चौथऱ्यावर पुढं उभी राहिली काय किंवा कोपऱ्यात, वजन तेच येतं. पुढं अमेरिकेत थॅडियस फेअरबँक्स यानं दोरखंडाला लागणाऱ्या हेंपच्या गाड्या तोलण्याच्या कटकटीतून १८३१ साली आपल्या प्लॅटफॉर्म काट्याचं पेटंट घेतलं. आपल्याकडं जुन्या वखारींमध्ये दांडी आणि सरकतं वजन असलेले जे लोखंडी काटे अजून कुठं कुठं दिसतात, ते याच घराण्यातले.

म्हणजे मोटार जन्मली तेव्हा ती तोलायचं यंत्र शंभर-दीडशे वर्षं जुनं होतं. प्रश्न यंत्राचा नव्हताच. काय धरायचं आणि काय सोडायचं, हा होता.

१८९६ साली ब्रिटिश कायद्यानं मोटारीला रस्त्यावरच्या अवजड वाफेच्या इंजिनासारखं वागवणं बंद केलं. तीन टनांच्या आतलं वाहन असेल तर ते 'हलकं', त्याला जुने जाचक नियम नाहीत. याच कायद्यात एक छोटं वाक्य होतं: वजन धरताना चालवण्यासाठी लागणारं पाणी, इंधन आणि बॅटऱ्या धरायच्या नाहीत. वाफेवरच्या गाड्यांचा तो काळ, बॉयलरमधलं पाणी धरलं तर बिचाऱ्या गाडीवर अन्यायच. पण ही सवलत रुळली आणि 'खाली वजन' म्हणजे कोरडी गाडी, ही ब्रिटिश समजूत तिथून पुढं चालत आली. गंमत म्हणजे आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातल्या खाली वजनाच्या व्याख्येत पेट्रोल-पाण्याचा उल्लेखच नाही. गाडी कामावर असताना नेहमी लागणारं सगळं साहित्य धरायचं, ड्रायव्हर किंवा मदतनीस धरायचा नाही, आणि वाहनाला बदलते सांगाडे बसत असतील तर त्यातला सगळ्यात जड धरायचा, एवढंच ती म्हणते. टाकी भरलेली का रिकामी, हे ज्याचं त्यानं समजून घ्यायचं.

शर्यतवाल्यांनी याच सुमाराला वेगळाच घाट घातला. इंजिनं बेसुमार मोठी होऊ लागली तशी त्यांना वेसण घालायला १९०२ पासून मोठ्या गाडीला हजार किलोची कमाल मर्यादा आली. इंजिनाला ठिणगी पुरवणाऱ्या मॅग्नेटोसाठी सात किलो वर. मग कारखानदारांनी काय केलं, तर इंजिन तेवढंच ठेवलं आणि सांगाड्याला, लिव्हरला, पेडलला जिथं जमेल तिथं भोकं पाडली. त्या वर्षीच्या पॅरिस-व्हिएन्ना शर्यतीत आल्प्सचे घाट होते. या सगळ्या धुडांना मागं टाकून व्हिएन्नाला पहिला पोचला तो मार्सेल रेनॉ, आणि तोही साडेसहाशे किलोच्या आतल्या हलक्या गटातल्या गाडीत. मला विचाराल तर गाडीचं वजन हा विषय नुसता नोंदीपुरता नाही, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं.

लष्करानं विचारलं तर उत्तर आणखी वेगळं. १९४० साली अमेरिकी लष्कराला जी छोटी गाडी हवी होती तिचं वजन त्यांनी १३०० पौंड, म्हणजे ५९० किलो ठरवलं होतं. चारही चाकांना जोर असलेली, टेहळणीला चालेल अशी गाडी ५९० किलोत! कोणालाच जमलं नाही. मर्यादा शेवटी २१६० पौंडांवर, म्हणजे ९८० किलोवर आली. विलीज कंपनीची गाडी त्याच्याही वर जात होती. तेव्हा त्यांच्या लोकांनी नट-बोल्टचे जास्तीचे आटे कापण्यापर्यंत मजल मारली आणि गाडी जेमतेम काही औंसांनी आत बसवली, असं सांगतात. तीच जीप १९४७ पासून महिंद्रांनी मुंबईत जोडायला घेतली आणि पुढं आपल्या भागात उसाच्या फडापासून निवडणुकीच्या प्रचारापर्यंत सगळीकडं धावली. त्या जीपला पुढं ज्यानं त्यानं लोखंडी हूड, मागची बाकडी, जाड बंपर लावले. तिच्या वजनाचं काय झालं असेल ते काट्यालाच माहीत.

संस्थानिकांच्या गाड्यांची तर तऱ्हाच न्यारी. रोल्स रॉईससारख्या कंपन्या पूर्वी नुसती चॅसी (इंजिन-चाकांसकट खालचा भाग) विकायच्या, वरचा सांगाडा बार्कर किंवा हूपरसारख्या कोचबिल्डरकडून बनवून घ्यायचा. त्यामुळं कंपनीचा वजनाचा आकडा चॅसीचा असायचा आणि एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांची वजनं जुळतीलच असं नाही. शिकारीसाठी उघडी बनवलेली आणि पडद्याची बंदिस्त, यांची तुलना करणंच चूक.

मग एककांचा घोळ. जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या कागदांवर वजन हंड्रेडवेटमध्ये असतं. नावात शंभर असलं तरी हा हंड्रेडवेट ११२ पौंडांचा, पन्नास किलो आठशे ग्रॅमचा. असे वीस झाले की ब्रिटिश टन, १०१६ किलो. अमेरिकन हंड्रेडवेट मात्र खरोखर शंभर पौंडांचा आणि त्यांचा टन ९०७ किलोचा. म्हणजे कुठल्या देशाचं पुस्तक हातात आहे ते बघितलं नाही तर टनामागं शंभरेक किलो इकडचे तिकडं. हंड्रेडवेटचा चौथा हिस्सा 'क्वार्टर', २८ पौंडांचा. आणि जुना मुंबई मणही २८ पौंडांचाच! वीस मणांची खंडी, ५६० पौंड. बंगाली मण, जो रेल्वेत चालायचा, तो मात्र चाळीस शेरांचा, सव्वासदतीस किलोच्या जरा वर. आमच्या आजोबांच्या भाषेत पद्मिनीचं ८९५ किलो म्हणजे मुंबईचे सत्तर मण, नाहीतर साडेतीन खंडी. आणि बंगालचा हिशेब केला तर बरोबर चोवीस मण. १९५६ च्या वजन-मापांच्या कायद्यानंतर १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं किलो आला आणि १९६२ पासून त्याची सक्ती झाली. त्यामुळं साधारण त्या काळापर्यंतच्या गाडीच्या कागदावर नुसता आकडा असेल, तर तो कशात आहे हे आधी विचारावं.

आपल्या राज्यात आकड्याला किंमत आली ती करामुळं. १९५८ च्या मुंबई मोटार वाहन कर कायद्यात मोटारीचा कर खाली वजनाच्या टप्प्यांवर बसायचा. एकरकमी कर आणि गाडीच्या किमतीवरची टक्केवारी हे नंतरचं. वजनावर कर असला की कागदावरचं वजन वाढवून लिहायची हौस कोणाला असणार? काकांच्या आरसीतले ८६० कोरड्या गाडीचे असावेत असं मला वाटतं. ८९५ मधून भरल्या टाकीचं पेट्रोल आणि रेडिएटरचं पाणी वजा केलं की आपण त्याच्या आसपास येतो. पेट्रोल लिटरला पाऊण किलोच्या जरा कमी भरतं, म्हणजे चाळीस लिटर धरले तरी तीस किलो इथंच गेले.

पद्मिनीचा आणि सांगलीचा एक धागा इथं सांगायलाच हवा. ही गाडी बनवणाऱ्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना १९४४ ची, वालचंद हिराचंद यांची. सांगलीत १९४७ साली सुरू झालेल्या इंजिनिअरिंग कॉलेजला पुढं त्यांचंच नाव मिळालं. विश्रामबागला त्या कॉलेजवरून जाताना काका अजून गाडीचा वेग उगीच कमी करतात.

राहिला प्रश्न ९५० चा.

आजचे काटे तरफांचे नाहीत. प्लेटखाली पोलादी लोडसेल असतात. वजन पडलं की पोलाद केसभर दबतं, त्याला चिकटवलेल्या बारीक तारेच्या पट्टीचा विद्युत रोध बदलतो आणि तो मोजून आकडा दिसतो. ही पट्टी, स्ट्रेन गेज, १९३८ साली अमेरिकेत सिमन्स आणि रूज या दोघांनी वेगवेगळी शोधली. उसाच्या पट्ट्यात काट्याकडं संशयानंच बघायची सवय आहे. 'काटा मारला' म्हणजे काय ते इथल्या शाळकरी पोरालाही सांगावं लागत नाही. पण आमच्या बाबतीत काट्याचा दोष इतकाच, की तो पन्नास टनांचा होता आणि दहा-दहा किलोंनीच मोजत होता. ९४६ असो का ९५४, पावतीवर ९५०. काट्याची पडताळणी होते तेव्हा एवढ्या वजनाला पाच किलो इकडंतिकडं चालतात, वापरातल्या काट्याला त्याच्या दुप्पट. चाळीस टनांच्या उसाला दहा किलो म्हणजे काहीच नाही, मोटारीला मात्र ते दिसतं.

मग आम्ही बाकीचा हिशेब लावायला बसलो. टाकीत वीसेक लिटर पेट्रोल होतं, शिवाय पाणी. डिकी उघडली तर स्टेपनी, जॅक, काकांची पान्यांची पेटी (उचलताना मला दोन हात लागले) आणि काकूंनी पुण्याला आत्याकडं द्यायला ठेवलेली दहा किलो हळद. म्हणजे खिडकीतल्या पोराचा प्रश्न बरोबर होता. गाडी मोकळी नव्हतीच.

त्यानंतर पत्रा. गाडीचा तळ कधीतरी सडला होता आणि तिथं डेंटरनं मूळ पत्र्याऐवजी जाड, सोळा गेजचा पत्रा मारला होता. एक मिलिमीटर जाडीचा चौरस मीटरभर पोलादी पत्रा पावणेआठ किलोच्या वर भरतो. गेजचा आकडा कमी तितका पत्रा जाड, त्यामुळं वीस गेजच्या जागी सोळा गेज म्हणजे पाऊण मिलिमीटरच्या आसपास जास्ती. दोन चौरस मीटरला दहा-अकरा किलो सहज. गाडी दणकट झाली असं डेंटर तेव्हा म्हणाला होता, आणि खोटं बोलला नव्हता.

आणि गाळ. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा ही गाडी काचेपर्यंत पाण्यात होती. नंतर धुतली, सीटा बदलल्या, इंजिन उघडलं. पण दारांखालच्या पोकळ पट्ट्यांचा विचार कोणी केला नव्हता. मिस्त्रीनं खालची बुजलेली भोकं तारेनं मोकळी केली आणि वर हातोडीच्या दांड्यानं ठोकत गेला. आधी भुकटी, मग खापऱ्यांसारखे वाळलेले तुकडे. घमेलं अर्धं भरलं. शेजारच्या भाजीवाल्या मावशींच्या काट्यावर घमेल्यासकट ठेवलं, मग घमेलं वजा केलं: साडेपाच किलो कृष्णामाई. काकांनी त्यातला एक तुकडा खिशात टाकला.

दुसऱ्या खेपेला हळद, पेटी, गाळ काढून गाडी पुन्हा काट्यावर घातली. या वेळी धुरा धुरा करून. आधी पुढची चाकं प्लेटवर: ४७०. मग मागची: ४५०. मग अख्खी गाडी: ९१०. पुढचे-मागचे मिळून ९२० होतात, गाडी ९१०. काका पावत्यांकडं बघत राहिले. मी त्यांना दहा-दहा किलोंच्या टप्प्यांचं आणि गोलाईचं समजावलं. त्यात चाकं प्लेटवर असताना बाकी गाडी जरा उतारावर होती, तेवढ्यानंही फरक पडतो. त्यांना ते फारसं पटलं नाही.

घरी येऊन त्यांनी गाडीवाल्याला फोन लावला. स्पीकरवरच होता. "हे बघा, आरसीत ८६० आहे, कंपनीचं ८९५, काट्यावर मोकळी ९१० भरली, पण पुढनं-मागनं वेगळं केलं तर ९२०."

पलीकडून जरा वेळ काहीच नाही. मग तो म्हणाला, "म्हंजे टनाच्या आत हाय न्हवं? मग चालतंय. शनिवारी सकाळी येतो."