डायलॉग-कॉलबॅक

मोबाईल अ‍ॅपमध्ये वापरकर्त्याला पडद्यावरच्या छोट्या चौकटीत (डायलॉग) प्रश्न विचारून, त्याने दाबलेल्या बटणानुसार प्रोग्रॅमची पुढची वाट ठरवण्याची पद्धत. डायलॉग दाखवणारी ओळ उत्तरासाठी थांबत नाही, आणि नवशिक्यांची गफलत नेमकी इथेच होते.

रावेर-यावल पट्ट्यातल्या केळी व्यापाऱ्यासाठी वजननोंदीचे अ‍ॅप लिहायचे आहे असे समजू. घडांचे वजन टाकले की ‘नोंद कायम करायची का?’ असा डायलॉग येतो. अँड्रॉइडमध्ये ‘शो’ हे फंक्शन डायलॉग मांडायला सांगून लगेच परत येते. त्याच्याखाली ‘होकार असेल तर साठवा’ असे लिहिले, तर कोणी पडद्याला बोट लावण्याआधीच ती अट तपासून झालेली असते. गाडी काट्यावर चढण्याआधीच पावती फाडावी, तसे हे.

म्हणून साठवण्याचे काम होकाराच्या बटणाला जोडलेल्या कॉलबॅकमध्येच, म्हणजे बटण दाबल्यावर सिस्टीम बोलावते त्या फंक्शनमध्येच, लिहावे लागते. बटणावर ‘हो’ असो की अहिराणीतले ‘हाव’, प्रोग्रॅमला दिसतो तो आकडा : होकाराला -1, नकाराला -2, तिसऱ्या तटस्थ बटणाला -3. बॅक बटणाने डायलॉग मिटवला तर यांतले काहीच येत नाही. त्यासाठी रद्द झाल्याचा वेगळा कॉलबॅक असतो आणि तो लिहायचा हमखास राहतो.

व्हिज्युअल बेसिक या प्रोग्रॅमिंग भाषेतला मेसेज बॉक्स उत्तर मिळेपर्यंत पुढची ओळ चालू देत नसे. ती सवय इथे नडते. अँड्रॉइडमध्ये डायलॉग रंगवणे आणि त्यावरचा स्पर्श टिपणे ही दोन्ही कामे एकाच मुख्य थ्रेडवर (एकामागून एक कामे उरकणाऱ्या धाग्यावर) चालतात. तोच अडवून धरला तर डायलॉग दिसणारच नाही, मग उत्तर कोण देणार? स्पर्शाला 5 सेकंदांत प्रतिसाद मिळाला नाही, तर अ‍ॅप अडकल्याची सूचना सिस्टीम देते.

आयफोनच्या आयओएसमध्येही बटणागणिक हँडलर, म्हणजे कॉलबॅकच, द्यावा लागतो. ओळीने तीन-चार प्रश्न असले की कॉलबॅकच्या पोटात कॉलबॅक शिरून वाचणाऱ्याचा जीव मेटाकुटीला येतो. कॉटलिन भाषेतील कोरुटीन (मध्येच थांबून पुढे चालू होणारे काम) किंवा फ्लटर या अ‍ॅप बनवण्याच्या साधनातील ‘अवेट’ (उत्तर येईपर्यंत थांब) वापरले तर कोड सरळ वरून खाली वाचता येतो. ओळ थांबल्यासारखी दिसते, थ्रेड मात्र मोकळाच असतो.

फोन आडवा केला की अँड्रॉइड सहसा पडदा नव्याने उभारतो आणि साधा डायलॉग गळून पडतो. 2011 मध्ये अँड्रॉइड 3.0 सोबत आलेला डायलॉग-फ्रॅगमेंट (डायलॉग सांभाळणारा घटक) पुन्हा उभा राहतो, पण बाहेरून हाती दिलेला जुना कॉलबॅक त्याच्याबरोबर परत येत नाही. नव्या पडद्याशी तो पुन्हा जोडावा लागतो.