राजाचं पाऊल आणि पृथ्वीचा घेर

धान्याचं माप सपाट भरायचं की शिगोशीग? १७८९ च्या फ्रान्समध्ये हा प्रश्न पोटाचा होता. जमीनदाराचा वाटा धान्यात द्यायचा आणि माप त्याच्याच कोठीतलं. मापाचं तोंड रुंद असलं की शीग मोठी होते. धान्य उंचावरून ओतलं की दाबून बसतं, म्हणजे तेवढ्याच मापात जास्त मावतं. खंड कागदावर तोच राहायचा, पोतं मात्र हलकं व्हायचं.

लांबी मोजायला 'राजाचं पाऊल' होतं, सुमारे ३२.५ सेंटीमीटरचं. पण तेही देशभर चालत नसे. गंमत बघा, राजा म्हणे सर्वसत्ताधीश आणि त्याच्या राज्यात गावागणिक माप वेगळं! त्या वर्षी गावोगावच्या गाऱ्हाण्यांच्या वह्यांत करांच्या जोडीला 'एकच वजन, एकच माप' ही मागणीही होती.

माप कुणाच्या अंगावरून नको, निसर्गावरून हवं, असं विवेकवादी विचारवंतांचं म्हणणं. १७९१ मध्ये ठरलं, उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे मीटर. सगळं अंतर मोजणं शक्यच नव्हतं. म्हणून डंकर्क ते बार्सिलोना एवढा पट्टा त्रिकोणांची साखळी करून मोजायचा आणि पुढचं गणितानं काढायचं. १७९२ मध्ये दलांब्र आणि मेशँ हे दोन खगोलशास्त्रज्ञ निघाले, दलांब्र उत्तरेकडून, मेशँ दक्षिणेकडून.

आणि ऑगस्टमध्ये राज्यक्रांतीच्या धामधुमीत राजाच पदच्युत झाला! दलांब्रकडचे परवाने राजाच्या नावाचे. चर्चच्या मनोऱ्यावर दुर्बीण लावून बसलेला हा माणूस लोकांना हेर वाटला, त्याला अडवून धरलं. खुणेसाठी लावलेलं पांढरं कापडही नडलं, कारण पांढरा रंग राजघराण्याचा. शेवटी त्याला लाल आणि निळ्या पट्ट्या जोडाव्या लागल्या. मापांच्या कामात असलेला रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए करवसुलीच्या कंपनीत भागीदार होता, त्यापायी १७९४ मध्ये गिलोटिनवर गेला.

१७९९ मध्ये प्लॅटिनमचा मीटर तयार झाला. पृथ्वी ध्रुवांशी किती चपटी आहे याचा हिशेब थोडा चुकल्यानं तो ०.२ मिलिमीटर आखूड भरला. लोकांना मात्र जुनीच मापं हवी होती. १८१२ मध्ये नेपोलियननं जुनी नावं पुन्हा चालू केली, मीटरची सक्ती व्हायला १८४० उजाडलं. आपल्याकडेही मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा, तरी ज्वारी पायलीत सांगणारी माणसं अजून भेटतात.