रेल्वेवरील आत्महत्या-प्रतिबंध संशोधन

रेल्वेच्या हद्दीतील आत्महत्या कशाने टळतात याचा शोध घेणारी अभ्यासशाखा. मानसोपचार, संख्याशास्त्र आणि रेल्वे अभियांत्रिकी यांचा तिच्यात मेळ असतो. घटनांच्या नोंदी, सीसीटीव्ही चित्रण आणि प्रयत्नातून वाचलेल्यांच्या मुलाखती ही तिची साधने. यांत मुलाखती सर्वांत अवघड, आणि बहुधा सर्वांत मोलाच्या.

‘इथे अडवले तर माणूस दुसरीकडे जाईल’ हा आक्षेप जुना आहे. पण आत्महत्येची तीव्र ऊर्मी बहुधा ओसरते. तेवढा वेळ निभावला की मदत पोहोचू शकते. हाँगकाँगच्या भुयारी रेल्वेत फलाटांवर सरकते दरवाजे बसवल्यानंतर अशा घटना सुमारे ६० टक्क्यांनी घटल्या आणि दरवाजे नसलेल्या फलाटांवर त्या वाढल्याचे दिसले नाही. अडचण खर्चाची. खुल्या रेल्वेमार्गावर तर हा उपाय लागूच पडत नाही.

स्वस्त उपायांकडे मग साहजिकच लक्ष जाते. जपानमध्ये काही फलाटांच्या टोकांना निळे दिवे लावण्यात आले. २००० ते २०१० या काळातील ७१ स्थानकांच्या आकडेवारीवरून, दिवे लावलेल्या ११ स्थानकांवर आत्महत्या ८४ टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष निघाला आणि तो जगभर गाजला. त्याच अभ्यासातील विश्वास-अंतराल (खरी घट ज्या दोन आकड्यांच्या दरम्यान असण्याची शक्यता आहे तो पट्टा) मात्र १४ ते ९७ टक्के एवढा रुंद होता, हे बातम्यांत क्वचितच आले. दिवे रात्रीच उपयोगी पडणार, ही टीकाही नंतर झाली. एकेका स्थानकावर घटना मुळात थोड्या असल्याने ही अनिश्चितता या क्षेत्राच्या पाचवीलाच पुजलेली आहे.

वृत्तांकनाचा परिणाम त्यामानाने ठळक दिसतो. व्हिएन्नात १९८७ मध्ये वृत्तपत्रांनी भडक वर्णने टाळण्याची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. त्या वर्षाच्या उत्तरार्धात भुयारी रेल्वेतील आत्महत्या व प्रयत्न पूर्वार्धाच्या तुलनेत ८० टक्क्यांहून अधिक घटले.

ब्रिटनमध्ये रेल्वेमार्ग सांभाळणारी नेटवर्क रेल आणि मानसिक संकटातील लोकांना आधार देणारी समॅरिटन्स या संस्था २०१० पासून एकत्र काम करतात. हजारो रेल्वे कर्मचाऱ्यांना संवादाचे प्रशिक्षण मिळाले आहे. २०१७ च्या ‘स्मॉल टॉक सेव्ह्ज लाइव्ह्ज’ मोहिमेने प्रवाशांनाही त्यात ओढले. फलाटावर कोणी अस्वस्थ वाटले, तर ‘पुढची गाडी किती वाजता आहे हो?’ एवढी साधी विचारपूसही त्याच्या विचारांची साखळी तोडू शकते, हे तिचे सूत्र. स्वतःला धोका वाटल्यास कर्मचाऱ्यांना किंवा पोलिसांना कळवावे, असे ती सांगते.

गाडी चालवणाऱ्यांना बसणारा मानसिक आघात हा याच अभ्यासाचा दुसरा भाग. घटनेनंतरची रजा, समुपदेशन आणि कामावर परतण्याची पद्धत यांचा त्यात विचार होतो.