एका फोटोमागे किती जण असतात

युनिव्हर्सिटीच्या मेडिकल कॉलेजची बातमी येते, अमुक सरांना मोठी ग्रँट मिळाली, तमुक मॅडमचा पेपर नावाजलेल्या जर्नलमध्ये आला, सोबत एकच फोटो. आपल्याला वाटतं हे पूर्वापार असंच आहे. पण मेडिकलच्या प्राध्यापकाने संशोधन करायचं असतं ही अपेक्षाच तशी अलीकडची, आणि यश एखाद-दुसऱ्या नावावर जमा करायची सवय मात्र तिच्यासोबतच आलेली.

१९व्या शतकात अमेरिकेतली बरीच मेडिकल कॉलेजं म्हणजे काही डॉक्टरांनी मिळून काढलेला क्लासच होता, फी घ्यायची, लेक्चर द्यायचं आणि आपापली प्रॅक्टिस बघायची. शिकवणाऱ्याने शोधही लावायचा हा विचार जर्मनीत रुजला, १८१० ला बर्लिनची युनिव्हर्सिटी सुरू झाली तिथपासून, आणि अमेरिकेत तो पक्का झाला १८९३ मध्ये बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्सचं मेडिकल स्कूल उघडलं तेव्हा. तेही पैसे कमी पडत होते म्हणून मेरी गॅरेट यांनी ३ लाखांहून जास्त डॉलर दिले तेव्हा कुठे उघडलं, आणि त्यांची अट होती की मुलींना मुलांच्या बरोबरीने प्रवेश द्यायचा. मला ही अट त्या काळच्या कुठल्याही शोधाइतकीच मोठी वाटते.

मग १९१० मध्ये मेडिकल शिक्षणावरचा अब्राहम फ्लेक्सनर यांचा रिपोर्ट आला. ते डॉक्टर नव्हते, शिक्षक होते, पण अमेरिका-कॅनडातली १५५ कॉलेजं बघून त्यांनी लिहिलं आणि हॉपकिन्स हा नमुना धरला. कित्येक कॉलेजं त्यानंतर बंद पडली, पूर्णवेळ प्राध्यापक आणि लॅब ही रीत झाली. कृष्णवर्णीयांच्या ७ कॉलेजांपैकी २ च ठेवावीत असंही त्यात होतं, आणि शेवटी तेवढीच उरली.

या नव्या रीतीतून काय निघू शकतं ते कॅनडात टोरंटोच्या युनिव्हर्सिटीत दिसलं, इन्सुलिनच्या शोधात. ११ जानेवारी १९२२ ला डायबिटीस झालेल्या १४ वर्षांच्या लेनर्ड थॉम्पसनला तिथल्या बँटिंग आणि बेस्ट या संशोधकांनी प्राण्यांच्या स्वादुपिंडातून काढलेला इन्सुलिनचा अर्क टोचला, उपयोग फारसा झाला नाही, उलट टोचलेल्या जागी गळू झालं. मग कॉलिप हे बायोकेमिस्ट तो अर्क शुद्ध करायला झटले, २३ जानेवारीपासून पुन्हा इंजेक्शनं दिली आणि यावेळी पोराची साखर खरंच उतरली. १९२३ चं नोबेल मात्र बँटिंग आणि लॅबचे प्रमुख मॅक्लाउड या दोघांनाच. बँटिंगनी आपल्या पैशातला अर्धा वाटा बेस्टला दिला, मॅक्लाउडनी कॉलिपला, म्हणजे ज्यांना बक्षीस मिळालं त्यांनाच ते पुरेसं बरोबर वाटलं नव्हतं!

हॉपकिन्सलाच २९ नोव्हेंबर १९४४ ला हृदयातल्या जन्मजात दोषामुळे निळ्या पडलेल्या एका तान्ह्या मुलीच्या हृदयाजवळच्या रक्तवाहिन्या जोडायचं ऑपरेशन झालं. कल्पना मुलांच्या हृदयाच्या डॉक्टर हेलन टॉसिग यांची, सर्जन आल्फ्रेड ब्लॅलॉक, आणि ब्लॅलॉक यांच्या मागे स्टुलावर उभे राहून टाके कसे घालायचे ते सांगणारे व्हिव्हियन थॉमस. कृष्णवर्णीय लॅब टेक्निशियन, मेडिकलला जायचं स्वप्न मंदीत पैसे बुडाल्यामुळे राहून गेलेलं, पण ही पद्धत कुत्र्यांवर प्रयोग करून करून त्यांनीच बसवली होती. १९४५ च्या पेपरवर नावं फक्त ब्लॅलॉक आणि टॉसिग यांची. थॉमस यांना युनिव्हर्सिटीने मानद डॉक्टरेट दिली ती १९७६ मध्ये, तोवर त्यांच्याकडून शिकलेले सर्जन कुठल्या कुठे पोचले होते. हा भाग वाचताना मला दरवेळी गलबलून येतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारी ग्रँटचा ओघ वाढला, पेपर वाढले, मग किती पेपर, कुठल्या जर्नलमध्ये, यावर माणूस मोजायला सुरुवात झाली, आणि कॉलेजं स्वतःच प्रेस रिलीज काढायला लागली. ब्रिटनमधल्या २० युनिव्हर्सिटींच्या ४६२ प्रेस रिलीज तपासणारा अभ्यास २०१४ ला आला, त्यात ४० टक्के रिलीजमध्ये लोकांना दिलेला सल्ला मूळ पेपरपेक्षा वाढवून लिहिलेला सापडला. म्हणजे फुगवटा पत्रकारांच्याही आधी, कॉलेजातूनच सुरू होतो.

नावांच्या बाबतीत थोडं बदललंय. आता बरीच जर्नल्स पेपरच्या शेवटी कुणी काय केलं ते लिहायला लावतात, कल्पना कुणाची, प्रयोग कुणी केले, आकडेमोड कुणाची, अशा १४ कामांची एक ठरलेली यादीच आहे. पुढच्या वेळी एका फोटोची बातमी दिसली की मूळ पेपर उघडून तेवढा भाग वाचा, थॉमस यांच्यासारखं कुणी असेल तर ते नाव तिथे मिळू शकेल.